डॉलरच्या पुढे काय टाइप करायचं: ओपनव्हीएमएस वापरणाऱ्या आपल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार मंडळी,

महापे, रबाळे, पावणे, तुर्भे आणि इकडे ठाण्याला वागळे इस्टेट, जिथे जिथे आपण ओपनव्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारी व्हॅक्स किंवा अल्फा मशीन सांभाळतो, किंवा जुनं मशीन काढून तीच सिस्टिम एम्युलेटरवर (जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चढवून दिलीये, तिथल्या शिफ्टवाल्यांसाठी हे पत्रक आहे. प्लांटवर नवीन पोरं येतात, आयुष्यभर विंडोज बघितलेलं असतं, आणि काळ्या स्क्रीनवर नुसतं एक डॉलरचं चिन्ह, म्हणजे कमांड टाइप करायची जागा, दिसलं की हात आखडतात, नाहीतर उलट, विंडोजच्या सवयीने बटणं दाबत सुटतात. दोन्हीची गरज नाही. ही सिस्टिम खूप बोलते, तुम्हाला विचारते, जुनी फाइल जपून ठेवते, फक्त ती काय म्हणतेय ते वाचून मग पुढचं टाइप करायचं, एवढीच सवय लावून घ्या.

कमांड आम्ही इथे फोनवर सांगतो तशाच देवनागरीत लिहिल्यात, टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या. कॅपिटल-स्मॉलने फरक पडत नाही.

ही जुनाट, मेलेली सिस्टिम आहे असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७७ साली व्हॅक्स ११/७८० मशीनबरोबर ती जाहीर केली, १९९८ ला ती कंपनी कॉम्पॅकने घेतली, २००२ ला कॉम्पॅक एचपीत गेली, आणि २०१४ पासून व्हीएमएस सॉफ्टवेअर नावाची कंपनी तिचं पुढचं काम बघतेय. २०२२ मध्ये ९.२ आवृत्ती आली ती तर साध्या एक्स८६ सर्व्हरवर चालते. म्हणजे आज शिकलेलं वाया जाणार नाहीये.

आधी विंडोजची बोटं आवरा

सगळ्यात जास्त फोन आम्हाला याच कारणाने येतात म्हणून हे पहिलं. कंट्रोल एस इथे सेव्ह करत नाही, स्क्रीनवर येणारा मजकूर थांबवतो, मग वाटतं मशीन हँग झालं आणि कोणीतरी थेट पॉवरच्या बटणाकडे जातं. तसं करू नका प्लीज. कंट्रोल क्यू दाबा, थांबलेलं परत वाहायला लागेल. कंट्रोल सी म्हणजे कॉपी नाही, चालू काम मध्येच तोडणं. पुटीमध्ये (विंडोजवरून या मशीनला जोडणारा प्रोग्राम) कॉपी करायला नुसतं माउसने सिलेक्ट केलं तरी पुरतं, आणि राइट क्लिकने पेस्ट होतं. कंट्रोल झेड म्हणजे अनडू नाही, "झालं माझं" असं सांगून प्रोग्राममधून बाहेर पडणं, आणि ईव्ह या फाइल एडिट करायच्या प्रोग्राममध्ये तर कंट्रोल झेड दाबलं की बदल सेव्ह होऊनच बाहेर येतो. चुकून काहीतरी खोडलंत आणि अनडू समजून हे दाबलंत तर खोडलेलीच फाइल सेव्ह होणार, तेव्हा नको असलेले बदल टाकून द्यायचे असतील तर क्विट करा. तरी घाबरू नका, आधीची फाइल शाबूत असते, ते खाली सांगतो.

कंट्रोल वाय जरा समजून घ्या. त्याने चालू प्रोग्राम थांबतो आणि डॉलर परत येतो, पण प्रोग्राम लगेच मरत नाही. चुकून दाबलं गेलं असेल तर दुसरा कुठलाही प्रोग्राम सुरू न करता नुसतं "कंटिन्यू" टाइप करा, जिथे थांबला होता तिथून पुढे चालू होतो. आणि काम खरंच चालू आहे की अडकलंय ही शंका असेल तर कंट्रोल टी. एक ओळ येते, त्यात वेळ, कुठला प्रोग्राम चालू आहे, सीपीयू किती वापरला वगैरे असतं. थोड्या वेळाने परत दाबून बघा, आकडे वाढले असतील तर ते काम करतंय, वाट बघा. (कंट्रोल टी काही ठिकाणी बंद असतं, तिथे आम्हाला सांगा, लॉगिन डॉट कॉम फाइलमध्ये एक ओळ टाकून चालू करून देतो.)

बॅकस्पेस मारल्यावर अक्षर पुसण्याऐवजी कर्सर ओळीच्या सुरुवातीला पळत असेल तर कीबोर्ड ठीक आहे, पुटीच्या सेटिंगमध्ये कीबोर्डखाली बॅकस्पेस "कंट्रोल एच" वर गेलंय, ते "कंट्रोल प्रश्नचिन्ह, १२७" वर ठेवा. आणि मध्ये अक्षर घालायला गेलं की पुढचं अक्षर खाऊन टाकतंय, असं होत असेल तर कंट्रोल ए.

कमांड म्हणजे साधे शब्द

इथल्या शेलचं, म्हणजे डॉलरपुढे टाइप केलेल्या कमांड घेणाऱ्या प्रोग्रामचं, नाव डीसीएल. लिनक्स वापरलेल्यांना आधी विचित्र वाटतं कारण दोन-दोन अक्षरांच्या गूढ कमांड इथे नाहीत, अख्खे शब्द आहेत, "डायरेक्टरी", "कॉपी", "टाइप", "रीनेम", "शो टाइम". पूर्ण टाइप करायचीही गरज नाही, पहिली चार अक्षरं नेहमीच पुरतात, गोंधळ होत नसेल तर त्याहून कमी. "कॉपी" एवढंच टाइप करून एंटर मारलंत तर ते चिडत नाही, "फ्रॉम" विचारतं, मग "टू" विचारतं. ऑप्शन स्लॅश देऊन लिहायचे, जसं "डायरेक्टरी स्लॅश साइझ स्लॅश डेट", किंवा आमची आवडती, "डायरेक्टरी स्लॅश सिन्स बरोबर यस्टर्डे", कालपासून तयार झालेल्या फाइली तेवढ्याच दाखवते, सकाळी शिफ्ट घेताना खूप उपयोगी. अडलं तर "हेल्प" टाइप करा, सगळी मदत मशीनमध्येच आहे, इंटरनेट लागत नाही.

फोल्डर चौकोनी कंसात असतं, आतलं फोल्डर डॉट देऊन. जायला "सेट डिफॉल्ट", वर यायला कंसात नुसती डॅश. इथे एक खड्डा आहे: "सेट डिफॉल्ट" ते फोल्डर खरंच आहे का हे तपासत नाही, स्पेलिंग चुकलं तरी गपचूप जातं आणि मग "डायरेक्टरी" दिली की डायरेक्टरी सापडत नाही म्हणून एरर येते आणि लोकांना वाटतं सगळा डेटा उडाला. उडालेला नसतो. "शो डिफॉल्ट" करून आपण कुठे आहोत ते आधी बघा.

सेमिकोलनच्या पुढचा आकडा

आम्हाला विचाराल तर या सिस्टिमची सगळ्यात मोठी देणगी ही. रेसिपी डॉट डीएटी फाइल एडिट करून सेव्ह केली की जुनी पुसली जात नाही, नवीन बनते, नावापुढे सेमिकोलन आणि १, मग २, मग ३, असं ३२७६७ पर्यंत जातं. आकडा न देता नाव दिलं की सगळ्यात नवीन मिळते. "टाइप" करताना नावापुढे सेमिकोलन वजा एक दिलं की तिच्या आधीची दिसते. म्हणजे रात्रपाळीत कोणी रेसिपीत टेंपरेचर बदललं आणि सकाळी बॅच बिघडली, तर भांडण करत बसायची गरज नाही, "डिफरन्सेस" आणि फाइलचं नाव एवढंच द्या, नवीन आवृत्ती आणि तिच्या आधीची यात कुठल्या ओळी वेगळ्या ते मशीनच दाखवतं.

पण याचीच दुसरी बाजू म्हणजे डिस्क भरते. रोज रिपोर्ट बनतायत, जुने कोणी काढत नाही, आणि एक दिवस "डिव्हाइस फुल" येतं, तेही नेमकं ऑडिटच्या आदल्या दिवशी. म्हणून आठवड्यातून एकदा "शो डिव्हाइस डी" करून फ्री ब्लॉक बघत जा, एक ब्लॉक ५१२ बाइटचा, म्हणजे २०४८ ब्लॉकचा एक एमबी. जागा करायला "पर्ज स्लॅश कीप बरोबर तीन" आणि पुढे फाइलचं नाव, शेवटच्या तीन आवृत्त्या राहतात, बाकीच्या जातात. नाव न देता नुसतं "पर्ज" कधीच मारू नका, त्या फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलची फक्त शेवटची आवृत्ती उरते आणि रीसायकल बिन नावाचा प्रकार इथे नाही. "डिलीट"ला तर आवृत्तीचा आकडा द्यावाच लागतो, नाही दिला तर ते काम करायला नकार देतं, आणि हे तुमच्या भल्यासाठीच आहे. सेमिकोलन स्टार दिलं की सगळ्या आवृत्त्या जातात, तेव्हा सोबत "स्लॅश कन्फर्म" लावा, एकेक नाव विचारून मग उडवतं.

टक्क्याने सुरू होणारी ओळ

काही चुकलं की टक्क्याच्या चिन्हाने सुरू होणारी ओळ येते. तिचे तुकडे ठरलेले असतात, आधी कुठल्या भागातून आली, मग डॅश देऊन एक अक्षर, मग छोटं नाव, मग स्वल्पविराम देऊन साध्या इंग्रजीत अर्थ. ते एक अक्षर सगळ्यात महत्त्वाचं: एस म्हणजे झालं, आय म्हणजे नुसती माहिती, डब्ल्यू म्हणजे सावध, ई म्हणजे चुकलं, एफ म्हणजे गंभीर. कमांडचं स्पेलिंग चुकलं तर डब्ल्यू येतो आणि खाली न कळलेला शब्द दोन उलट्या स्लॅशच्या मध्ये लिहून दाखवतो, तेवढाच सुधारून परत द्यायचा, वरचा बाण दाबला की आधीची कमांड येते. नुसता आय बघून काही जण फोन करतात, त्याची गरज नाही. एफ आला तर मात्र काहीच टाइप न करता आधी आम्हाला कळवा.

लॉगिन, मोठी कामं, आणि बाहेर पडणं

लॉगिन केल्यावर शेवटचं लॉगिन कधी झालं आणि त्यानंतर किती वेळा पासवर्ड चुकला ते दाखवतं. ती ओळ वाचत जा. तुम्ही सुट्टीवर होता आणि काल रात्रीचं लॉगिन दिसतंय तर लगेच "सेट पासवर्ड" आणि मग आम्हाला फोन. पासवर्ड लागोपाठ चुकत गेला तर सिस्टिम काही वेळ बरोबर पासवर्डसुद्धा घेत नाही, घुसखोर समजते. अशा वेळी परत परत ट्राय न करता चहा घेऊन या, मग शांतपणे टाका.

महिन्याचा रिपोर्ट वगैरे तासभर चालणारं काम डॉलरवर थेट चालवून पुटीची खिडकी बंद केलीत तर ते काम अर्ध्यात तुटू शकतं, आणि पावसाळ्यात नेटवर्क जातंच. त्यापेक्षा "सबमिट" वापरा, काम बॅच रांगेत जातं, तुम्ही घरी जा. सोबत "स्लॅश नोप्रिंट" द्यायला विसरू नका, नाहीतर कामाची लॉग फाइल प्रिंटरला जाते आणि डिस्कवरून पुसली जाते, मग काय झालं होतं ते शोधायला काहीच उरत नाही. रात्रीच हवं असेल तर "स्लॅश आफ्टर" देऊन वेळ सांगा.

काम झालं की "लॉगआउट". मशीन बंद करायची असेल, अगदी यूपीएस बोंबलत असला तरी, थेट स्विच न मारता तुमच्याकडे ज्यांच्याकडे सिस्टिमचा पासवर्ड आहे त्यांनी शटडाउनची प्रोसीजर चालवायची, तिची कमांड मशीनच्या दारावर चिकटवून दिलीये. फोन करताना टक्क्याची अख्खी ओळ वाचून दाखवा किंवा स्क्रीनचा फोटो पाठवा, आणि त्याआधी दिलेल्या दोन-तीन कमांड "रिकॉल स्लॅश ऑल" करून त्याही सांगा, नुसतं "एरर आलाय" एवढ्यावरून आम्हाला काही कळत नाही.