फोड नाहीत, रिपोर्ट नॉर्मल, मग लघवीला जळजळ कसली?

जेनिटल हर्पिस (जननेंद्रियावर फोड आणणारा व्हायरसचा आजार) असलेल्या काही पुरुषांची एक तक्रार असते आणि ती सांगायला ते लाजतात. फोड येऊन गेले, खपल्या पडल्या, वरून सगळं साफ दिसतंय, तरी दर काही महिन्यांनी लघवीच्या तोंडाशी चुणचुण, जळजळ, नाहीतर आत्ताच जाऊन आलो तरी परत जावंसं वाटतं. युरिन कल्चर (लघवीत बॅक्टेरिया वाढतात का ते बघणारी टेस्ट) केलं की नॉर्मल. मग "असेल थोडं इन्फेक्शन" म्हणून अँटिबायोटिकचा कोर्स सुरू होतो, आठवडाभरात बरं वाटतं (तसंही वाटणारच होतं, हर्पिसचा अटॅक आपला आपण ओसरतो) आणि गोळी लागू पडली असा सगळ्यांचा समज होऊन बसतो. पुढच्या वेळी परत तीच गोळी. अँटिबायोटिक बॅक्टेरियावर चालतं, व्हायरसवर त्याचा काडीचा उपयोग नाही.

हे असं का होतं ते कळायला व्हायरस राहतो कुठे ते बघावं लागतं. हर्पिसचे दोन प्रकार, एचएसव्ही-१ आणि एचएसव्ही-२, दोघंही जननेंद्रियाला होऊ शकतात. पहिल्यांदा कातडीतून आत शिरला की व्हायरस तिथल्या नसांमधून वर सरकत सरकत पाठीच्या कण्याच्या खालच्या टोकाजवळ, माकडहाडाच्या जरा वर ज्या नसांच्या गाठी असतात, तिथे जाऊन बसतो आणि मग जन्मभर तिथेच. शरीराची प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते पण हुसकावून लावू शकत नाही. मधूनच तो जागा होतो आणि त्याच नसेतून खाली येतो. आता गंमत अशी की कण्याच्या या भागातून निघणाऱ्या नसा फक्त लिंगाच्या कातडीला जात नाहीत, मूत्रमार्ग, मूत्राशय, गुदद्वाराच्या आजूबाजूचा भाग, कुल्ले, मांडीची मागची बाजू, सगळ्यांची वायरिंग याच एका फ्यूजवर. त्यामुळे फोड यायच्या आधी एकदोन दिवस कुणाला कुल्ल्यात कळ येते, कुणाला पायात मुंग्या येतात, तर कुणाला नुसतीच लघवीची चुणचुण होते. आणि कधीकधी फोड येतच नाहीत, अटॅक तेवढ्यावरच आटपतो.

दुसरी शक्यता म्हणजे फोड आलेत, पण आत. पुरुषाचा मूत्रमार्ग साधारण २० सेंटीमीटर लांब असतो आणि त्याच्या आतल्या अस्तरावर आलेला फोड आरशात दिसणार कसा? या प्रकाराची खूण अशी की दिसायला काहीच नाही किंवा टोक जरासं लाल, स्राव असला तर थोडासाच, पाण्यासारखा किंवा चिकट, पण लघवी करताना दुखतं मात्र त्या मानाने भयंकर. गोनोरिया या बॅक्टेरियामुळे होणाऱ्या गुप्तरोगात उलट चित्र, पिवळा दाट पू भरपूर येतो. हर्पिसचा फोड असा आत असला की लघवीच्या तपासणीत पस सेल्स (पुवाच्या पेशी) वाढलेल्या दिसू शकतात आणि कल्चरमध्ये मात्र काहीच उगवत नाही, कारण कल्चरच्या प्लेटवर बॅक्टेरिया वाढतात, व्हायरस नाही.

पण लगेच सगळं खापर हर्पिसवर फोडू नका, मला तर वाटतं तीही तितकीच मोठी चूक आहे. पहिल्या अटॅकमध्ये बऱ्याच पुरुषांना लघवीला जळजळ होते, नंतरच्या अटॅकमध्ये ती फार कमी जणांना होते. म्हणजे वर्षानुवर्षं परत परत लघवीचाच त्रास होतोय तर दुसरं काहीतरी असण्याची शक्यता चांगलीच आहे. क्लॅमिडिया आणि मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम हे संबंधांतून पसरणारे दोन बॅक्टेरिया साध्या कल्चरमध्ये सापडत नाहीत, त्यांची टेस्ट वेगळी मागावी लागते. शिवाय मुतखडा, डायबिटीस, वयाप्रमाणे वाढलेलं प्रोस्टेट. हर्पिस आहे हे एकदा कळलं की माणूस प्रत्येक दुखण्याचं बिल त्याच्याच नावावर फाडतो आणि डॉक्टरही कधीकधी त्यात सामील होतात.

मग ठरवायचं कसं? रक्तातल्या अँटिबॉडी बघणारी आयजीजी टेस्ट यात मदत करत नाही, ती एवढंच सांगते की व्हायरस कधीतरी शरीरात आलाय, आजची जळजळ त्याचीच का हे नाही सांगत. तिच्या जोडीची आयजीएम टेस्ट तर करूच नये, ती नको तिथे पॉझिटिव्ह येते. त्रास सुरू असताना पहिल्या एकदोन दिवसांत मूत्रमार्गाच्या तोंडातून स्वॅब घेऊन पीसीआर (व्हायरसच शोधणारी टेस्ट) केला तर खरं काय ते कळण्याची शक्यता सगळ्यात जास्त. आठवड्यानं गेलात तर व्हायरस परत वर जाऊन झोपलेला असतो. आणि हो, पीसीआर निगेटिव्ह आला म्हणजे हर्पिस नाहीच असंही नाही.

औषधाचं म्हणाल तर असायक्लोव्हिर ही हर्पिसवरची गोळी म्हणजे खरंच डोकॅलिटीचं काम आहे, ते बनवणाऱ्या टीममधल्या गरट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल मिळालं (इतर औषधांवरच्या कामासकट). ही गोळी व्हायरसच्याच एका एन्झाइममुळे चालू होते, म्हणून ज्या पेशीत व्हायरस वाढतोय तिथेच ती मारा करते आणि बाकीच्या पेशी बऱ्यापैकी सुटतात. पण झोपलेल्या व्हायरसला ती हात लावत नाही, म्हणून हर्पिस कायमचा बरा होत नाही. चुणचुण सुरू झाल्याबरोबर घेतली तर अटॅक लवकर आटपतो. वारंवार होत असेल तर डॉक्टर रोजची गोळी देतात, त्यानं अटॅक साधारण ७० ते ८० टक्के कमी होतात. गोळी चालू असताना पाणी भरपूर प्यायचं, आणि किडनीचा त्रास असेल तर डोस डॉक्टरनंच ठरवायचा.

एका गोष्टीत मात्र थांबायचं नाही. लघवी तुंबली, ओटीपोट फुगलंय पण होतच नाहीये, बसायच्या जागेला बधिरपणा, बद्धकोष्ठ किंवा पायात अशक्तपणा, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. व्हायरसमुळे कण्याच्या खालच्या नसांना सूज येऊन असं होऊ शकतं, त्याला एल्सबर्ग सिंड्रोम म्हणतात. दुर्मिळ आहे आणि बहुतेक जण काही आठवड्यांत सावरतात, पण तोवर कॅथेटर (लघवीची नळी) लागू शकतो आणि कण्यात गादी सरकून नस दबल्यावरही अगदी हीच लक्षणं येतात, तिथे उशीर परवडत नाही.

रोजची गोळी काही महिने घेऊन बघितली, फोड यायचे थांबले, पण जळजळ आहे तशीच आहे, तर त्यातून पण एक उत्तर मिळतं. बहुधा व्हायरसचा यात हात नाही. अशा पुरुषांमध्ये बऱ्याचदा ओटीपोटाच्या तळाचे स्नायू (पेल्विक फ्लोअर) कायम आवळलेले सापडतात, काही जण आधीच्या दुखण्याच्या धास्तीनं ते नकळत आखडून धरतात, आणि मग लघवी अडकत येते, नंतर दुखत राहतं, बसल्यावर वाढतं. याला प्रोस्टेटायटिस (प्रोस्टेटची सूज) समजून परत अँटिबायोटिक दिलं जातं. इथे ते स्नायू सैल सोडायला शिकवणारा पेल्विक फ्लोअरचा फिजिओथेरपिस्ट लागतो, आणि बऱ्याच जणांना त्याच्याकडे जायला कुणी सांगितलेलंच नसतं.