हॉवर्थ, एड्रियन हार्डी

(१९ एप्रिल १७६७ – २४ ऑगस्ट १८३३). इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ व कीटकशास्त्रज्ञ. मांसल म्हणजे पानांत वा खोडात पाणी साठवणाऱ्या वनस्पतींचे (सक्युलंट) त्यांच्या काळातले सर्वांत मोठे जाणकार. शिक्षण वकिलीचे, वनस्पतिशास्त्र त्यांनी स्वतःच्या कुंड्यांमधून आत्मसात केले. हॉवर्थिया ही प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) त्यांच्या नावाने ओळखली जाते.

त्यांचा जन्म हल या बंदराच्या गावी झाला. घरच्यांनी वकिलीकडे वळवले, तो अभ्यास त्यांनी पुराही केला; पण वडिलोपार्जित उत्पन्न हाती असल्याने पोटासाठी वकिली करण्याची वेळ आली नाही. लवकरच ते लंडनजवळच्या चेल्सीला राहायला गेले. त्या काळी वनस्पतिशास्त्र शिकवले जाई ते प्रामुख्याने वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना, त्यामुळे हौशी अभ्यासक ही काही नवलाची गोष्ट नव्हती. नवल होते ते त्यांनी निवडलेल्या विषयाचे. ज्या वनस्पतींना इतर अभ्यासक शक्यतो टाळत, नेमक्या त्याच त्यांनी उचलल्या.

टाळण्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. वनस्पतींचा अभ्यास वाळवलेल्या नमुन्यांवर चालतो. फांदी कागदात दाबायची, वाळली की चिकटवायची आणि पुढची शंभर वर्षे कोणीही ती काढून पाहायची. मांसल वनस्पती मात्र या शिस्तीत बसत नाहीत. जाड त्वचेमुळे आतले पाणी सुटत नाही. कागदात दाबलेला तुकडा आठवडेच्या आठवडे जिवंत राहतो, कधी तिथेच वाढू लागतो, नाहीतर कुजतो. शेवटी वाळलाच, तर त्याचा मूळ आकार ओळखू येत नाही. म्हणून त्यांचा अभ्यास करायचा तर झाडे जिवंत सांभाळावी लागतात आणि फुलण्याची वाट पाहत वर्षानुवर्षे त्यांच्याकडे बघत राहावे लागते. सवड, काचघर आणि चिकाटी या तिन्ही गोष्टी हॉवर्थ यांच्यापाशी होत्या.

झाडे मिळत ती मुख्यतः लंडनजवळच्या क्यू येथील राजउद्यानातून. दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रदेशातून आधी फ्रान्सिस मॅसन आणि पुढे जेम्स बोवी या वनस्पतिसंग्राहकांनी पाठवलेला माल तिथे येत असे. हॉवर्थ स्वतः आफ्रिकेत कधीच गेले नाहीत. त्यांच्या दृष्टीने केपचा माळ म्हणजे काचेखालची कुंड्यांची रांग, आणि त्यांच्या लेखनाचे बळ व दुबळेपण दोन्ही तिथूनच आले आहे.

पहिले पुस्तक मेसेम्ब्रिॲन्थेमम या मांसल वनस्पतींच्या प्रजातीवरचे. ते १७९४ मध्ये निघाले तेव्हा त्यांचे वय सत्तावीस होते. १८०४ मध्ये लिनीयन सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी कोरफडीच्या प्रजातीची (ॲलो) नवी मांडणी दिली. १८१२ चे ‘सिनॉप्सिस प्लांटारम सक्युलेंटारम’ हा त्यांचा मुख्य ग्रंथ. त्यात वर्णने लॅटिनमध्ये आणि निरीक्षणे इंग्रजीत आहेत, शिवाय लागवडीच्या सूचनाही आहेत. वर्गीकरणाच्या ग्रंथात लागवडीचा मजकूर घालणारा माणूस झाडांना स्वतः पाणी घालत असणार, हे उघड आहे. १८१९ व १८२१ मध्ये त्यांनी या कामाला पुरवण्या जोडल्या.

१८०९ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आंरी ऑग्युस्त द्युव्हाल यांनी कोरफडीतून काही छोट्या, पांढुरक्या फुलांच्या जाती वेगळ्या काढून त्यांना हॉवर्थिया हे नाव दिले. तीनच वर्षांनी हॉवर्थ यांनी परतफेड केली. स्टॅपेलिया या मांसल वनस्पतींच्या प्रजातीतून वेगळ्या काढलेल्या एका प्रजातीचे नाव त्यांनी द्युव्हालिया ठेवले. मॅमिलॅरिया आणि एपिफायलम या निवडुंगांच्या प्रजातींची नावेही १८१२ च्याच ग्रंथातली. मराठीत घरोघरी ब्रह्मकमळ म्हणून ओळखले जाणारे, रात्री उमलणारे झाड म्हणजे एपिफायलम ऑक्सिपेटॅलम. त्याचे आजचे शास्त्रीय नाव हॉवर्थ यांनीच १८२९ मध्ये निश्चित केले. (हिमालयातले खरे ब्रह्मकमळ सॉस्युरिया, म्हणजे सूर्यफुलाच्या कुलातले, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.)

कुंडीतून शास्त्र उभे करण्याची किंमतही त्यांना मोजावी लागली. झाड कोणत्या टेकडीवरून आले याची नोंद बहुधा नसे, आणि पुष्कळदा त्या जातीचे एकच रोप हाताशी असे. हॉवर्थियाची फुले जवळजवळ सारखीच दिसतात, त्यामुळे भर राहिला पानांवर: त्यांचा आकार, काठावरचे दात, पांढरे फोड, टोकाजवळची पारदर्शक ‘खिडकी’. पण ही पाने ऊन आणि पाणी यांप्रमाणे बदलतात. एकाच जातीच्या दोन रोपांना त्यांनी दोन नावे दिल्याची उदाहरणे त्यामुळे कमी नाहीत, आणि पुढच्या संशोधकांनी त्यातली कितीतरी नावे एकत्र केली. वाळवलेला नमुना नसल्याने वाद मिटवणे आणखी अवघड होते. क्यूमध्ये १८२२ पासून टॉमस डंकनसन व नंतर जॉर्ज बॉन्ड यांनी काढलेली रंगचित्रे अशा वेळी उपयोगी पडतात. काही जातींच्या बाबतीत नमुन्याच्या जागी चित्रच पुराव्याचे काम करते.

त्यांच्या हातून चित्रावरूनही नामकरण झाले आहे. प्रवासी संशोधक विल्यम बर्चेल यांना १८११ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील प्रिस्काजवळ दगडासारखे दिसणारे एक झाड आढळले होते. हॉवर्थ यांनी ते न पाहताच, बर्चेल यांच्या चित्रावरून १८२१ मध्ये त्याला मेसेम्ब्रिॲन्थेमम टर्बिनिफॉर्मी हे नाव दिले. ‘जिवंत दगड’ म्हणून आज ओळखल्या जाणाऱ्या लिथॉप्स प्रजातीचे हे पहिले नामकरण. ती स्वतंत्र प्रजाती म्हणून इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ एन. ई. ब्राउन यांनी १९२२ मध्ये मांडली.

कीटकांवरचे त्यांचे कामही तोलामोलाचे आहे. १८०३ ते १८२८ या काळात भागाभागांनी निघालेले ‘लेपिडॉप्टेरा ब्रिटानिका’ हे ब्रिटनमधील फुलपाखरे व पतंग यांवरचे अनेक दशके आधारभूत मानले गेलेले पुस्तक. हल येथील वनस्पती-उद्यानाच्या उभारणीतही त्यांचा हात होता. १८३१ मध्ये नार्सिससवरची पुस्तिका काढून त्यांनी कंदवर्गातही डोकावून पाहिले. दोन वर्षांनी पटकीच्या साथीत चेल्सी येथे त्यांचा मृत्यू झाला.

त्यांच्या नावाच्या प्रजातीची २०१३ मध्ये पुन्हा फाळणी होऊन तिचे हॉवर्थिया, हॉवर्थिऑप्सिस आणि ट्युलिस्टा असे तीन भाग झाले. पांढऱ्या पट्ट्यांमुळे ‘झेब्रा प्लांट’ म्हणून रोपवाटिकांत विकले जाणारे झाड आता हॉवर्थिऑप्सिस अटेन्युएटा ठरले आहे. त्यातले ‘अटेन्युएटा’ हे जातीनाम हॉवर्थ यांनी १८०४ च्या लेखात दिलेलेच कायम आहे. हे झाड पुष्कळदा फॅसिएटा या दुसऱ्या, दिसायला सारख्या जातीच्या नावाने विकले जाते, पण पानाच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवले की फरक कळतो: फॅसिएटाची ती बाजू गुळगुळीत असते, अटेन्युएटाची खरखरीत.