रक्तदाबाच्या पट्ट्यामुळे दंडावर पुरळ उठते तेव्हा

आमच्याकडून बीपीचे मशीन नेलेले काही ग्राहक आठ-पंधरा दिवसांत पट्टा परत आणतात आणि पुरळ उठल्यामुळे तो बदलून मागतात. पट्ट्यात दोष असेल तर आम्ही तो बदलून देतोच. परंतु बहुतेक वेळा पट्टा हातात घेताच आतल्या कापडाला जंतुनाशकाचा वास येतो.

पट्ट्यावर सॅनिटायझर किंवा जंतुनाशक चोळून तो ओलसर असतानाच दंडाला गुंडाळणे, हीच ती चूक. नायलॉनचे कापड वरून कोरडे लागले तरी शिवणीत आणि वेल्क्रोच्या कडेला ओल राहते. हवा भरली की ती कातडीवर दाबली जाते आणि दिवसातून तीन-चार वेळा असे होत राहिले की लाल, खाजरा चट्टा उठतो. एका आजींच्या दंडावर तर शिवणीची रेघ जशीच्या तशी उमटली होती. पट्ट्यातली रबरी पिशवी निघत असेल तर ती काढून कापड सौम्य साबणाने धुवावे, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळावे आणि रात्रभर सावलीत वाळू द्यावे. पिशवी निघत नसेल तर ओल्या फडक्याने पुसणे पुरे.

दंडाचा घेर ३२ सेंटिमीटरपेक्षा अधिक असल्यास २२ ते ३२ सेंटिमीटरचा नेहमीचा पट्टा काचतो, शिवाय बीपीही खऱ्यापेक्षा जास्त दिसते. विक्रीपूर्वी आम्ही टेपने दंड मोजतो, तो वेळ काहींना वाया गेल्यासारखा वाटतो. पण त्याचे कारण हे आहे. मोठे पट्टे, तसेच रबराची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी लॅटेक्सविरहित पट्टे आमच्याकडे मिळतात.

मात्र पट्ट्याखाली किंवा त्याच्या खालच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले आणि काचेचा पेला दाबूनही ते फिके झाले नाहीत, तर ते पुरळ नसून कातडीखालचा बारीक रक्तस्राव असू शकतो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना किंवा प्लेटलेट कमी झाल्यावर असे होते. डेंग्यूच्या संशयात डॉक्टर हेच ठिपके पाहण्यासाठी पट्टा पाच मिनिटे फुगवून ठेवतात. ताप असल्यास दुकानात न येता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

वापरलेला, निर्दोष पट्टा आम्ही परत घेत नाही, कारण एकाच्या अंगाला लागलेला पट्टा दुसऱ्याला देणे आम्हाला योग्य वाटत नाही. सुटा पट्टा घ्यायला येताना मशीन सोबत आणावे. नळीचे टोक प्रत्येक कंपनीचे वेगळे असते.