भूविज्ञानाचे पदवी शिक्षण, बडोदे

खडक, खनिजे, जीवाश्म आणि भूकवचाची जडणघडण यांचा अभ्यास विज्ञान शाखेतील पदवीसाठी बडोद्यात (वडोदरा) महाराजा सयाजीराव विद्यापीठात करता येतो. विद्यापीठाची स्थापना १९४९ साली झाली असली, तरी त्याचे मूळ १८८१ मध्ये सुरू झालेल्या बडोदा कॉलेजात आहे. अध्यापनाचे माध्यम इंग्रजी असल्यामुळे, घरी मराठी बोलणाऱ्या विद्यार्थ्याला शाळेतल्या भूगोलात भेटलेले अग्निजन्य, गाळाचे व रूपांतरित हे खडक येथे नव्या नावांनी पुन्हा ओळखून घ्यावे लागतात.

आरंभी पृथ्वीची अंतर्रचना, स्फटिकांची सममिती व खनिजांचे गुणधर्म शिकवले जातात. पुढे अश्मविज्ञान (खडकांचा अभ्यास), जीवाश्मविज्ञान, स्तरविज्ञान (खडकांच्या थरांचा व त्यांच्या क्रमाचा अभ्यास), खडकांतील घड्या व विभंग (थरांना पडलेल्या वळ्या व भेगांवरून झालेली सरक) यांचा अभ्यास आणि शेवटी खनिज साठे व भूजल असे विषय येतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांच्या पदवीला चौथ्या, ऑनर्स वर्षाची जोड देण्यात आली आहे.

प्रयोगशाळेत विद्यार्थी प्रथम हातातला नमुना पारखतो : रंग, चकाकी, पाटन (खनिज ठरावीक सपाट पृष्ठांवर फुटण्याचा गुण), आणि मोज यांच्या १ ते १० या मापनश्रेणीवर काठिण्य. मात्र खडकाची खरी ओळख पातळ छेदातून होते. खडकाची चकती काचपट्टीवर चिकटवून ती सुमारे ०.०३ मिमी जाडीची होईपर्यंत घासतात आणि ध्रुवण सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. एरवी मंद काळा दिसणारा बेसाल्ट तेथे प्लॅजिओक्लेज या खनिजाच्या पट्टेदार काड्यांनी आणि पायरॉक्सिन या खनिजाच्या रंगीत कणांनी भरून जातो. खडक म्हणजे केवळ दगड नव्हे, हे विद्यार्थ्याला पटवून देण्यास याहून चांगले साधन नाही.

खुद्द बडोदे शहर नद्यांनी आणलेल्या जाड गाळावर वसलेले आहे, त्यामुळे खडक पाहायचा तर शहराबाहेर पडणे भाग आहे. ही अडचण वाटली, तरी तिचा लाभच होतो, कारण एका दिवसाच्या प्रवासात येणारा प्रदेश विलक्षण विविध आहे. पावागडावर लाव्हाचे एकावर एक थर दिसतात. सह्याद्रीच्या घाटांतून गेलेल्या मराठी कुटुंबातील विद्यार्थ्याला त्याचा काळा कातळ ओळखीचा वाटतो, कारण दोन्ही ठिकाणचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या त्याच महाउद्रेककाळातला आहे. परंतु माथ्याकडे फिकट, सिलिकाने समृद्ध ऱ्हायोलाइट लागतो, जो सह्याद्रीत सहसा भेटत नाही. एकाच डोंगरात दोन भिन्न प्रकृतींचे लाव्हा कसे, हा प्रश्न तेथूनच उभा राहतो. भोवतालच्या चांपानेर गटातील क्वार्ट्‌झाइट व फायलाइट हे रूपांतरित खडक या लाव्हाहून कितीतरी जुने असून, कललेल्या थराची दिशा आणि उतार होकायंत्र-क्लायनोमीटरने (उतारमापकाने) मोजण्याचा सराव अशा खडकांवर चांगला होतो.

छोटा उदेपूर जिल्ह्यातील आंबाडुंगर यांहूनही वेगळे आहे. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकल्यावर फसफसला की तो चुनखडक, असा धडा विद्यार्थ्याने गिरवलेला असतो. येथील कार्बोनेटाइटही फसफसतो. पण तो समुद्राच्या तळाशी साचलेला नसून शिलारसापासून बनलेला आहे. या एका थेंबाने, केवळ एका चाचणीवर निष्कर्ष बेतू नये हे जितके ठसते तितके कोणत्याही व्याख्यानाने ठसत नाही. त्याच डोंगरात फ्लोराइट या खनिजाचे मोठे साठे असल्याने खनिजविज्ञान आणि खाणकाम यांचा संबंधही प्रत्यक्ष दिसतो. बालासिनोरजवळील रैयोली येथील लॅमेटा नावाच्या गाळाच्या खडकांच्या स्तरांत डायनोसॉरांची हाडे व अंडी मिळाली आहेत. तेथील अवशेषांवरून वर्णिलेल्या ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ या प्रजातीचे नामकरण २००३ मध्ये झाले.

क्षेत्रकार्यात हातोडा, भिंग आणि १:५०,००० मापाचा स्थलनिर्देशक नकाशा सोबत असतो. नमुना फोडून पिशवीत टाकण्यापूर्वी त्याचे ठिकाण, थराचा कल आणि रेखाचित्र वहीत उतरवावे लागते. ठिकाणाची नोंद नसलेला सुंदर नमुनाही अभ्यासाच्या दृष्टीने निरुपयोगी ठरतो.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील (स्थापना १८५१) भूवैज्ञानिकाच्या पदासाठी संघ लोकसेवा आयोगाची परीक्षा असते आणि तिला पदव्युत्तर शिक्षण लागते. म्हणून बहुतेकांच्या बाबतीत पदवी हा पहिला टप्पा असतो. बडोद्याच्या दक्षिणेस अंकलेश्वर येथे १९६० मध्ये तेल सापडले, आणि खंभात खोऱ्यातील तेलक्षेत्रे या शहराच्या जवळ असल्याने स्तरविज्ञान शिकणाऱ्याला आपल्या विषयाचा उपयोग फार दूर शोधावा लागत नाही.