उडी आधी, विचार नंतर

२०१९ च्या ऑगस्टमधला कोल्हापूरचा महापूर आठवला की अजून अंगावर काटा येतो, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आणि पाणी गेलं होतं ५५ फुटांच्या वर, हायवे बंद, चिखली-आंबेवाडी ही गावं पाण्यात. तेव्हा ट्रॅक्टरची ट्यूब घेऊन अनोळखी माणसांना बाहेर काढणारी तालमीतली पोरं आपण सगळ्यांनी बघितली. त्यातल्या एकाला मी नंतर विचारलं, भीती नाही वाटली का रे? तो म्हणाला, "विचार करायला टाइमच कुठं होता काका."

मला आधी हे नुसतं बोलणं वाटलं, पण विज्ञान जवळपास हेच सांगतंय. अमेरिकेत दुसऱ्याचा जीव वाचवायला स्वतःचा जीव धोक्यात घालणाऱ्यांना कार्नेगी हिरो मेडल देतात, त्यातल्या ५० च्या वर लोकांनी सांगितलेले अनुभव डेव्हिड रँड आणि झिव्ह एपस्टाइन यांनी तपासले आणि २०१४ मध्ये छापले. बहुतेकांनी आधी उडी घेतली, विचार मागून आला, आणि ज्यांना विचार करायला वेळ होता त्यांचंही असंच!

मग अशा माणसांना भीतीच नसते का? मला नाही वाटत. अबिगेल मार्श या संशोधिकेनं अनोळखी माणसाला आपली किडनी देणाऱ्या १९ जणांचे मेंदू स्कॅन केले, तर भीतीशी जोडलेला अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग त्यांच्यात सरासरीपेक्षा मोठा निघाला, आणि दुसऱ्याचा घाबरलेला चेहरा बघून तो जास्त जागा होत होता. किडनी देणं आणि पुरात उतरणं एक नाही हे मान्य, तिथं विचाराला महिने मिळतात. पण मला यात आपली पोरं दिसतात, समोरच्याची भीती यांना लवकर कळते.

आणि पाण्यात ते कळणं फार महत्त्वाचं आहे, कारण बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही, तोंड पाण्याच्या वर येतं तेवढ्यात श्वासच कसाबसा घेता येतो, हाक मारायला हवा उरत नाही, आणि हात वर करून हलवणंही जमत नाही कारण ते आपोआप पाणी खाली दाबत असतात. काठावरच्याला वाटतं पोहतोय. खरं काय ते त्याचा चेहराच सांगतो.

पण पाणी धाडस बघत नाही. वेग दुप्पट झाला की पाण्याचा जोर चौपट होतो, म्हणून गुडघाभर वाहतं पाणीसुद्धा धडधाकट माणसाला पाडतं, आणि बुडणारा जिवाच्या आकांतानं वाचवायला आलेल्यालाच मिठी मारतो, पट्टीचा पोहणारासुद्धा त्यात अडकतो. म्हणून आधी काठावरून दोरी किंवा ट्यूब फेकायची, अंगानं जायचं ते अगदी शेवटी. डोकं त्या क्षणी नवीन काही शोधत बसत नाही, हाताला सवय असेल तेच करतं, त्यामुळं ही सवय आधीच लावावी लागते.

त्या पोराच्या दाराला आता जून लागला की हवा भरलेली ट्यूब टांगलेली असते, दोरीची गाठ आधीच मारलेली.