हार्ड डिस्क फ्रीझरमध्ये ठेवू नका

बंद पडलेली हार्ड डिस्क रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवली की चालते, हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. उलट, बाहेर काढताच डिस्कमधल्या थंड तबकड्यांवर दव धरतं आणि त्यांच्यावर काही नॅनोमीटरवर तरंगणारं हेड (डेटा वाचणारा-लिहिणारा भाग) घासून डेटा कायमचा जाऊ शकतो.

‘टकटक’ आवाज येत असेल तर डिस्कला वीजच देऊ नका. डेटा हवा असेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे (बिघडलेल्या डिस्कमधून डेटा काढून देणाऱ्याकडे) द्या. नुसते बॅड सेक्टर (वाचता न येणारे डिस्कचे भाग) असतील, तर नवी डिस्क यूएसबी-साटा केबलने (डिस्क यूएसबीला जोडणारी केबल) लॅपटॉपला लावून डीडीरेस्क्यू या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने तिच्यावर कॉपी घ्या (नवी तेवढ्याच किंवा जास्त क्षमतेची हवी). मगच डिस्क बदलायला लॅपटॉप उघडा, आणि आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. नवी डिस्क २.५ इंची एसएसडी (फिरत्या तबकड्या नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) असेल तर ती बहुधा ७ मिमी जाड असते, जुनी ९.५ मिमीची असेल तर स्पेसर (जाडीतला फरक भरून काढणारी चौकट) लावा, नाहीतर ती आत हलते आणि कनेक्टर सैल होतो.