सेटअप अडलं: डिस्क खराब आहे की विंडोजला ते चालवता येत नाही?

नव्वदच्या दशकातली सीडी आजच्या पीसीला लावली आणि सेटअप अडलं, की बहुतेकांचा हात आधी मऊ फडक्याकडे जातो. डिस्क वाचलीच जात नसेल तर पुसून फायदा होतो. पण डिस्क नीट वाचली जातेय आणि तिच्यावरचा प्रोग्रॅम विंडोजला पेलत नाही, हा वेगळाच आजार आहे, आणि त्यात सीडी कितीही चकाचक केली तरी काही होत नाही.

निदानासाठी सेटअप चालवूच नका. आख्खी सीडी हार्ड डिस्कवरच्या एका फोल्डरमध्ये कॉपी करा. सगळ्या फाइली विनातक्रार उतरल्या तर डिस्कवरचा संशय मिटला. ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ असं म्हणून कॉपी थांबली तर दोष वाचण्यात आहे. दरवेळी त्याच फाइलवर थांबत असेल तर बहुधा ओरखडा. कधी इथे, कधी तिथे थांबत असेल तर धूळ किंवा ड्राइव्हची लेन्स. आधी दुसरा ड्राइव्ह लावून बघा.

पुसायचं ते मध्यापासून कडेकडे, सरळ रेषेत. गोल फिरवून पुसताना ओरखडा पडला तर तो ट्रॅकच्याच दिशेने जातो, सलग बराच डेटा खातो आणि सीडीतली चूक-दुरुस्ती तिथे अपुरी पडते. लेबलच्या बाजूचा ओरखडा त्याहून वाईट, कारण चकाकणारा थर लेबलच्या लगेच खाली असतो. सीडी उजेडासमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढे ठिपके आरपार दिसले तर तिथला डेटा गेला, पॉलिश करून तो परत येत नाही. अशा वेळी डीडीरेस्क्यू या खराब डिस्कवरचा डेटा वाचवणाऱ्या प्रोग्रॅमने आधी वाचता येतं तेवढं उतरवून घ्यावं, अडलेले सेक्टर नंतर.

फ्लॉपीत एक चकवा आहे. विंडोज ९५च्या बहुतेक फ्लॉप्या नेहमीच्या १.४४ एमबीच्या नव्हत्या. एका ट्रॅकवर १८ऐवजी २१ सेक्टर बसवून त्या १.६८ एमबीच्या केल्या होत्या. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हना हा प्रकार सहसा वाचता येत नाही, आणि धडधाकट फ्लॉपीला विंडोज ‘फॉरमॅट करू का?’ विचारतं. ‘हो’ म्हणू नका. मदरबोर्डच्या फ्लॉपी कनेक्टरला जोडलेल्या जुन्या ड्राइव्हवर ती बघा.

आता दुसरा आजार. कॉपी पूर्ण झाली, तरी ‘हे ॲप तुमच्या पीसीवर चालणार नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. ६४ बिट विंडोजमध्ये १६ बिट प्रोग्रॅम चालवण्याची सोयच नाही, त्यामुळे कंपॅटिबिलिटी मोडही (जुन्या विंडोजसारखं वागण्याची सोय) निरुपयोगी. गंमत म्हणजे मूळ सॉफ्टवेअर पुष्कळदा ३२ बिटच असतं. १६ बिट असतो तो फक्त इन्स्टॉलर. सेटअपची फाइल हेक्स एडिटरमध्ये (फाइलीतले कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उघडा: सुरुवातीच्या भागात ‘पीई’ ही रोमन अक्षरं असतील तर ३२ किंवा ६४ बिट, ‘एनई’ असतील तर १६ बिट. १६ बिट निघालं तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (पीसीच्या आत आभासी पीसी चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ३२ बिट विंडोज एक्सपी टाकून तिथे इन्स्टॉल करणं सगळ्यात कमी कटकटीचं. ३२ बिट विंडोज १० असेल तर एनटीव्हीडीएम हा १६ बिट प्रोग्रॅम चालवणारा पर्यायी घटक चालू करून भागतं. विंडोज ११ला ३२ बिट आवृत्तीच नाही.

‘डिस्कवर जागा अपुरी’ हा संदेश तर दोन्ही आजारांच्या बाहेरचा. काही जुने सेटअप मोकळी जागा ३२ बिटांच्या आकड्यात मोजतात. शेकडो जीबी रिकामे असले की तो आकडा ओसंडून उणे होऊ शकतो. डिस्क मॅनेजमेंटमधून १ जीबीची व्हीएचडी (फाइलीच्या रूपातली आभासी हार्ड डिस्क) बनवा, फॉरमॅट करा आणि इन्स्टॉल तिच्यावर करा.

मराठी डीटीपीच्या जुन्या सीडी बाळगणाऱ्यांनी डोंगलही (सॉफ्टवेअर चालायला पीसीला जोडावी लागणारी परवान्याची किल्ली) तपासावं. सेटअप पार पडलं तरी डोंगलचा ३२ बिट ड्रायव्हर ६४ बिट विंडोजमध्ये लोड होत नाही, आणि पॅरलल पोर्टचं २५ पिनांचं डोंगल व्हर्च्युअल मशीनपर्यंत पोचवणं जिकिरीचं. तिथे ३२ बिट एक्सपी असलेला, पॅरलल पोर्टचा जुना पीसीच राखून ठेवलेला बरा.